बाईंवरचा अनुस्वार

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या मोटारीच्या वर, एक पांढरा फळा टांगलेला आहे. टँकर कधी येणार, लिफ्ट का बंद आहे, मेंटेनन्स कुणाचा थकलाय, हे त्यावर लिहायचं काम सचिवाचं. सध्या सचिव मी आहे, कारण ज्या सभेत सचिव निवडला त्या सभेला मी हजर नव्हते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी लिहिलं, ‘सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांनी नवीन ओळखपत्र वॉचमनकडून घ्यावे.’ संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले, तर ‘बायकांनी’ पुसून तिथे हिरव्या मार्करनं ‘महिलांनी’ झालं होतं. दुसऱ्या दिवशी ‘महिलांनी’वर काट आणि त्याच्या डोक्यावर ‘मावशींनी’. तिसऱ्या दिवशी ‘हाऊस हेल्पनी’. चौथ्या दिवशी या सगळ्याच्या खाली, शाईच्या पेनाची सवय असलेल्या वळणदार अक्षरात एक ओळ उगवली : ‘आणि गाड्या पुसायला येणाऱ्या पुरुषांनी काय घ्यावे?’ सही नव्हती. पण तळमजल्यावरच्या आजोबांचा ‘घ’ मला ओळखू येतो.

ओळखपत्रं चार दिवस वॉचमनच्या खणात पडून होती.

हिरवा मार्कर कुणाचा, ते पाचव्या दिवशी लिफ्टमध्ये कळलं. चौथ्या मजल्यावरची मुलगी. मुलगी म्हणायचं, पण ती बत्तीस वर्षांची आहे आणि हिंजवडीत बारा जणांची टीम सांभाळते. ‘काकू, राग मानू नका, पण “बायका” जरा डिरोगेटरी वाटतं हो.’

मला ‘बायका’नं काही झालं नव्हतं. ‘काकू’नं झालं. पन्नाशी ओलांडली तरी पुण्यात काकू होण्याची सवय लागत नाही. सिग्नलला मागून हॉर्न वाजवत ‘ओ काकू, चला की’ म्हणणाऱ्या पोराला माझ्या नवऱ्याचं आणि त्याच्या वडिलांचं भावाचं नातं मान्य असतं असं नाही. त्याला एवढंच सांगायचं असतं की तुम्ही गाडी सावकाश चालवता. तरी मी मुलीला विचारलं, ‘बायका’त वाईट काय आहे? ती विचार करून म्हणाली, ‘बायका म्हटलं की नळावर भांडणाऱ्या डोळ्यांसमोर येतात. महिला म्हटलं की निदान मीटिंगला बसलेल्या येतात.’

खोटं नाही ते. ‘महिला’ हा शब्द मलाही पाटीवरच भेटतो. पीएमपी बसच्या डाव्या बाजूच्या सीटांवर, महिला मंडळाच्या बोर्डावर, आणि पेपरात सोनसाखळी हिसकावली गेली की. घरी येऊन ‘आज बसमध्ये एक महिला भेटली’ असं सांगितलेलं मी अजून ऐकलेलं नाही. ‘स्त्री’ त्याहून लांब राहते, ती व्याख्यानमालेत असते. कंडक्टरला दोन्ही नको असतात. तो म्हणतो, ‘ओ, लेडीज आहे, उठा तिथनं.’ एकटी असली तरी लेडीज. मला मात्र बसमध्ये बाईच भेटते, तिच्या हातात मेथीची जुडी असते, आणि ती मला जागा करून देते.

मी मुद्रितशोधक आहे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर घर चालवलंय. त्यामुळे शब्दावर कुणी बोट ठेवलं की माझं लक्ष आधी शब्दाकडे जातच नाही, त्याच्या पुढे-मागे काय बसलंय तिकडे जातं. ही खोड कुठून लागली, तेही मला चांगलं आठवतं.

चौथीत होते. ‘आमचे घर’ हा निबंध होता. मी लिहिलं होतं : ‘आमच्याकडे सकाळी बाई येतात. त्या भांडी घासतात. मग त्या चहा पितात.’ वही परत आली तेव्हा ‘येतात’ला लाल शाईचा गोल, वर ‘येते’. ‘त्या’ला गोल, वर ‘ती’. ‘घासतात’ला गोल, ‘घासते’. ‘पितात’, ‘पिते’. एवढे चार-पाच गोल एका परिच्छेदात मला कधीच मिळाले नव्हते. शेजारी शेरा होता, ‘व्याकरणाकडे लक्ष दे.’

आमच्या बाई वाईट नव्हत्या. पावसात भिजून आलेल्या मुलींच्या रिबिनी सोडवून स्वतःच्या टॉवेलनं केस पुसणाऱ्या होत्या. मला कळेना, चुकलं काय? शाळेत बाई येतात. घरीही बाई येतात. शब्द एकच, मग क्रियापदं दोन कशी? घरी आईला वही दाखवली. आई पोळ्या लाटत होती, तिनं वर न बघता सांगितलं, ‘बाईंचं बरोबर आहे. बाईंचं “येतात” होतं. बाईचं “येते” होतं.’

तिनं काही समजावून सांगायचा प्रयत्न केला नव्हता. पण त्या दोन वाक्यांतला फरक मला ऐकू आला, आणि एकदा ऐकू आला तो कायमचा. बाईंचं. बाईचं. मध्ये नाकातून गेलेला एक एवढासा आवाज. कागदावर एक टिंब.

पुढे त्याच टिंबांवर मी पगार घेतला. सरांना चहा, ड्रायव्हरला चहा. डॉक्टरांनी तपासलं, न्हाव्यानं कापलं. मराठीत नाम बिचारं साळसूद उभं असतं आणि मान-अपमान त्याच्या पाठीमागे ठरतो, विभक्तीच्या आधीच्या अनुस्वारात, ‘ला’ लागला की ‘ना’ यात, आणि वाक्याच्या शेवटी क्रियापदात. इंग्रजीत वाद घालायला शब्दच हाताशी असतो. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली, निकालपत्रात बायकांबद्दल कोणते शब्द टाळावेत आणि त्याऐवजी कोणते लिहावेत याची. ‘हाऊसवाइफ’ नको, ‘होममेकर’ लिहा, अशी यादी. चांगलं काम आहे, निकालपत्रातल्या एका शब्दानं माणसाचं आयुष्य इकडचं तिकडे होतं. पण ती यादी मराठीत आणायला बसलं तर अडचण येते. ‘हाऊसवाइफ’साठी आपल्याकडे आधीच गृहिणी आहे, सुंदर आहे, आणि ‘गृहिणीला काय कळतं’ हे वाक्य त्या सुंदर शब्दाला धक्का न लावता म्हणता येतं.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली तेव्हा मी तिला म्हटलं, अगं, फळ्यावर ‘बायकांनी’ काय आणि ‘महिलांनी’ काय, अनेकवचनात अनुस्वार सगळ्यांना फुकट मिळतो. एकटी बाई दारात उभी राहिली की मग बघ. ती हसली. तिला बहुधा वाटलं, काकू विषय बदलताहेत.

‘बाई’ शब्दाची मला थोडी कीव येते. एके काळी हा मान होता. अहिल्याबाई, जिजाबाई, लक्ष्मीबाई. १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाई. सेवासदनच्या रमाबाई. नावाला जोडून आला की शब्द ताठ उभा राहतो. सुटा झाला की कुठेही जाऊन बसतो. वर्गात बाई म्हणजे शिक्षिका, ओट्याशी बाई म्हणजे भांडी घासणारी, आणि ‘त्यानं बाई ठेवलीय’ म्हटलं की तिसरंच काही. शाळेतूनही आता बाई उठल्या. मॅडम, मिस, टीचर आल्या. म्हणजे ‘बाई’ला मान देणारी जी एक जागा उरली होती तीही गेली. ‘राव’ही घसरला, नाही असं नाही. माधवराव, बाजीरावांचा राव आता ‘जाऊ दे ना राव’मध्ये येऊन थांबलाय. पण राव घसरला तो मित्रांच्या कट्ट्यावर. त्याला कुणी भांड्याच्या ढिगापाशी नेऊन बसवलं नाही.

आम्ही राहतो ते कर्वेनगर, म्हणजे जुनं हिंगणे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, १८९६ मध्ये विधवांसाठी संस्था काढली, आणि १९०० मध्ये ती इथे माळावर झोपडीत आणली. संस्थेचं मराठी नाव ‘अनाथ बालिकाश्रम’. इंग्रजीत सरळ ‘हिंदू विडोज होम’. मराठी नावात विधवा हा शब्दच नाही. मला पूर्वी ही पळवाट वाटायची. आता वाटतं, त्यात पळवाट होती तेवढीच अचूकताही होती; त्या काळच्या कितीतरी विधवा खरोखर बालिकाच होत्या. आणि गावात त्यांच्यासाठी जे शब्द चालायचे, बोडकी, रंडकी, त्यांच्यापुढे ‘अनाथ’ ही केवढी सुटका. विधुराला मराठीत अशी सर्रास शिवी नाही. शोधून बघा.

गोदूबाई लग्नानंतर आनंदीबाई झाल्या, पण लोक त्यांना ओळखतात ते ‘बाया कर्वे’ म्हणून. त्यांच्या नावानं पुरस्कार दिला जातो. बाया! आमच्या चौथ्या मजल्यावरच्या मुलीला हा शब्द फळ्यावर सापडला असता तर तिनं मार्करच फोडला असता.

नावाच्या मागे जे तेच नावाच्या पुढे. पुरुषाला मुंजीपासून म्हातारपणापर्यंत चि. आणि श्री. एवढी दोन स्टेशनं. बाईला कु., चि. सौ. कां., सौ., श्रीमती, गं. भा. नवरा अजून मिळायचाय, मिळतोय, आहे, नाही, सगळा हिशेब नावाच्या आधी मांडलेला. एप्रिल २०२३ मध्ये राज्याचे तेव्हाचे महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याबाबत प्रस्ताव करायला सांगितला तेव्हा गदारोळ झाला, मग निर्णय झालेला नाही असा खुलासा आला. शब्द अपमानाचा नव्हताच, दोन पवित्र नद्या होत्या त्यात. मला तेव्हा शनिवार पेठेतला एक छापखाना आठवला.

नव्वदच्या दशकात मी तिथे लग्नपत्रिकांची प्रुफं बघायचे. एकदा नवरीची आई स्वतः आली. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. दिरानं मजकूर लिहून पाठवला होता, त्यात त्यांच्या नावाआधी गं. भा. होतं. त्यांनी प्रूफ माझ्याकडून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि हळूच विचारलं, ‘माझ्या नावाआधी काहीच नाही घातलं तर चालेल का हो?’ मी म्हटलं, चालेल की. गं. भा.वर काट मारली. त्यांचं नाव तेवढं राहिलं, नुसतं, एका ओळीत. कंपोझिटरनं वरून डोकावून बघितलं. चांगला माणूस, कामात चोख. त्याला ओळीचा तोल दिसत होता फक्त. तो म्हणाला, ‘बाई, ओळ बोडकी दिसतीये.’

त्यानं हा शब्द रोजच वापरला होता, हेडिंग नसलं की बोडकं, बॉर्डर नसली की बोडकं. मी काही बोलले नाही. त्या बाईही काही बोलल्या नाहीत. त्यांनी प्रुफावर सही केली, पैसे दिले आणि पत्रिका तशीच छापली गेली. त्या कंपोझिटरला कुठल्या पुस्तिकेनं अडवलं असतं, मला खरंच माहीत नाही.

फळ्याकडे परत येते, कारण ओळखपत्रं अजून वाटायची होती. आमच्याकडे कामाला येतात त्यांना मी फळ्याची गोष्ट सांगितली. त्यांचं नाव या लेखात घालू का विचारलं, तर त्या नको म्हणाल्या. त्यामुळे त्यांना इथे काय म्हणायचं हा प्रश्न मलाच पडलाय, आणि मी ‘त्या’ एवढ्यावरच भागवते आहे. मुलगी लहान असताना आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. मग मलाच ते खटकायला लागलं, त्या माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी ताई म्हणायला लागले. सुधारल्यासारखं वाटलं होतं मला.

त्या फरशी पुसता पुसता म्हणाल्या, ‘ताई नका म्हनू ओ. मावशी तर नकोच.’

‘का?’

‘ताई म्हनलं की दिवाळीला बोनस मागाया अवघड होतंय. भनीला कोन बोनस देतं का? साडी देतेत.’

मी गेल्या दिवाळीला साडी दिली होती. बोनस दिला होता तोही, पण अर्धा, आणि साडी धरून पूर्ण झाला असं मनात धरलं होतं. त्यांनी तिकडे न बघता फडकं पिळलं. ‘बाईच म्हना. बाईला पगार असतोय. शाळंतल्या बाईला बी असतोय की.’

पगाराच्या बाबतीत शाळेतल्या बाई आणि ओट्याशी बसलेली बाई एका रांगेत आल्या होत्या, आणि ते मला चौथीपासून जमलं नव्हतं.

नातं लावून हाक मारली की हिशेब बोलायची लाज वाटते, हे सरकारलाही माहीत असावं. नाहीतर महिना दीड हजारांच्या योजनेचं नाव २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ ठेवलं नसतं. हक्काच्या रकमेला तक्रार करता येते. ओवाळणीला कोण करणार?

आणि ‘मोलकरीण’? या शब्दाला तर आता सुशिक्षित घरांत हात लावायची सोय नाही. पण त्यात बघायला गेलं तर काय आहे, मोल घेऊन काम करणारी. हाऊस हेल्पपेक्षा प्रामाणिक आहे. हेल्प तर शेजारीणही करते, फुकट. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता, पगारवाढ आणि सुट्टीसाठी. मी सात वर्षांची होते, मला आठवतं ते एवढंच की आई राखेनं कढई घासत होती आणि आजी म्हणत होती, आता हेच बघायचं राहिलं होतं. त्या संपातून संघटना उभी राहिली, तिचं नाव ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’. त्यांनी शब्द बदलला नाही. पगार बदलून घेतला. पुढे २००८ मध्ये कायदा आला, त्यात ‘घरेलू कामगार’ आहे, तो शब्द मी आजवर कुणाच्या तोंडी ऐकला नाही.

उलटही झालंय, आणि तेही पुण्यातच. ‘कचरेवाली’ गेली ती त्यांनीच घालवली. १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, ओळखपत्रं आली, शब्द आला ‘कचरावेचक’. आमच्याकडे रोज सकाळी ढकलगाडी घेऊन येणाऱ्या बाईंना नवीन वॉचमननं ‘कचरेवाली आली’ अशी हाळी दिली, तेव्हा त्यांनी गेटमध्येच गाडी थांबवून त्याला विचारलं होतं, ‘भाजीवालीची भाजी असते. कचरा माझा आहे का? कचरा तुमचा. मग वाली कोण?’ तळमजल्यावरचे आजोबा खिडकीतून टाळ्या वाजवत होते. वॉचमन त्यांना आता नावानं हाक मारतो. ‘आली’ मात्र तसंच आहे.

म्हणजे एका संघटनेनं शब्द ठेवला, दुसरीनं टाकला, आणि दोघींचं बरोबर होतं. मला यात काही गोंधळ दिसत नाही. ज्याचं त्यानं ठरवलं. गोंधळ होतो तो आम्ही चौघी हिरवा-निळा मार्कर घेऊन त्यांच्यासाठी ठरवायला गेलो तेव्हा. शिवाय नव्या शब्दाची गत प्लॅस्टिकच्या डब्यासारखी असते. हळदीचं तेच कालवण ठेवत राहिलं की चार महिन्यांत तो पिवळा पडतो. मोलकरीण पिवळी पडली, मग कामवाली, मग बाई, मग मावशी. ‘हाऊस हेल्प’वर डाग पडायला सुरुवात झालेली आहे. परवाच वरच्या मजल्यावरून ऐकलं, ‘आमची हाऊस हेल्प ना, महाडँबिस आहे.’

एवढं सगळं अनुस्वारावर टाकून मोकळं व्हावं म्हणते, तर आई आडवी येते.

‘आई आली. बाबा आले.’ पहिलीच्या पुस्तकात शोभतील अशी ही दोन वाक्यं. बाबांना अहो, आईला अगं. बाबांना त्यांना, आईला तिला. आईवर अनुस्वार नाही. म्हणजे आईचा मान कमी? कुणीही म्हणेल, छे, ती जवळीक आहे. देवालाही आपण अरे म्हणतो, विठ्ठल ‘उभा’ असतो. मान्य. पण माझी आई बाबांना अहो म्हणायची आणि बाबा आईला अगं म्हणायचे, तेव्हा जवळीक एकाच दिशेनं कशी वाहत होती, हे मला कुणी सांगितलेलं नाही. आजोबांच्या पिढीत तर ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ असं म्हणायचे. कुटुंब म्हणजे बायको. नपुंसकलिंगी. अनादर होऊ नये म्हणून बाईच वाक्यातून काढून टाकलेली.

माझी मुलगी बापाला अरे म्हणते. ‘बाबा आला का गं?’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी सासू जेवणाच्या ताटावरून उठायच्या बेतात होती. सासूबाई कोल्हापूरकडच्या, त्या स्वतः ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणायच्या, त्यांच्याकडच्या जुन्या बायका तसंच बोलतात, आणि त्यावर पुण्यातले नातेवाईक हसायचे. त्यांना ते लिंग बिघडलेलं वाटायचं. पण नातीनं बापाला खाली आणलं हे त्यांना सोसेना. मला गंमत वाटली ती वेगळीच. आईला वर न्यायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, बाबालाच खाली आणून मुलीनं घरात बरोबरी केली. माझा नवरा खूश आहे. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मिठी मारता मारता हाक मारली.

तेव्हापासून मी ‘ती’ ऐकलं की बघते, उलट बाजूनं काय येतंय. मी वॉचमनच्या बायकोला ‘ती’ म्हणते का, ती मला काय म्हणते. अमृततुल्यमध्ये चाळिशीच्या माणसाला ‘ए बारक्या’ म्हणणारा गिऱ्हाईक त्याच्याकडून काय ऐकून घेईल. बारक्या, पोऱ्या, गडी. पुरुषालाही हे सुटलेलं नाही, फक्त त्याला गरीब असावं लागतं. बाईला तेवढी अट नाही. पदावर पोचलेल्या बाईचंही व्याकरण अडतं. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन परत आल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात गेल्या. भाषेत ‘डॉक्टरीण’ म्हणजे डॉक्टरची बायको. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा शब्दातल्या ‘पती’चं काय करायचं यावर इथे रकाने लिहिले गेले. पुरुषाच्या डोक्यावर मावेल एवढीच टोपी शिवलेली होती.

‘बायकी’ आणि ‘पुरुषी’ यांच्याबद्दल मला फार बोलायचं नव्हतं, पण नगरसेवकाच्या कार्यालयावर परवा मोर्चा गेला. आठवडाभर पाणी नव्हतं, मीही गेले. पुढे आमच्याच वॉर्डातल्या बायका, आणि एकीच्या हातातल्या ताटात हिरव्या बांगड्या. साहेबांना आहेर. फोटो छान आला. ताट धरणारीच्या हातात त्याच बांगड्या होत्या, डझनभर, कोपरापर्यंत. कुणाला विचित्र वाटलं नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही, घरी येऊन फोटो बघताना वाटलं. बाई हा शब्द मानाचा की अपमानाचा, यावर चौथ्या मजल्याशी वाद घालणारी मी तिथे मागच्या रांगेत घोषणा देत होते.

ओळखपत्रं शेवटी वाटली. फळा पुसून मी फक्त नावांची यादी लिहिली, अकरा नावं, आडनावासकट, मागे-पुढे काही नाही. ओळी बोडक्या दिसत होत्या. आजोबांनी येऊन एका नावातला ऱ्हस्व उकार दीर्घ केला आणि गेले.

त्याच आठवड्यात, आमच्याकडे कामाला येतात त्यांचा फोन आमच्या घरात हरवला. काम उरकून निघाल्या तर पिशवीत नाही. ओट्याखाली बघितलं, वॉशिंग मशिनवर बघितलं. मी म्हटलं, थांबा, रिंग देते. माझ्या टेबलावर प्रुफांचे गठ्ठे असतात, खुर्चीवर असतात, खाली जमिनीवरही असतात, त्यातल्या एका गठ्ठ्याखालून आवाज आला. पुसताना त्यांनीच ठेवला असणार. मी कागद उचलले. स्क्रीनवर माझा नंबर वाजत होता आणि वर नाव होतं : ‘कागदवाली’.

‘लेकीनं घातलंय ते,’ त्या म्हणाल्या. लाजल्याबिजल्या नाहीत. मी माझ्या फोनवर त्यांचं नाव पुढे केलं नाही, कारण तिथे अजून ‘भांडी मावशी’ होतं.

त्या चप्पल घालत होत्या तोवर लेकीचाच फोन आला. मी आत वळले होते. दार उघडंच होतं, जिन्यावरून त्यांचा आवाज खाली खाली जात होता : ‘आगं निघाले, कागदवालीकडंच होते. फोन घावत नव्हता. तिनंच दिला शोधून. न्हाई गं, ती बरी हाय, नुस्ती बोलत बसती...’